तिसरा मदरबोर्ड नको

दुरुस्तीला आलेला इंजिनिअर निघताना एक कागद किंवा मोबाईलची स्क्रीन पुढे करतो आणि म्हणतो, "सर, इथे सही." याला जॉब शीट म्हणतात, काही कंपन्या सर्व्हिस रिपोर्ट म्हणतात. आमच्याकडच्या पहिल्या जॉब शीटवर 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात दोनच शब्द होते : 'सिस्टिम स्लो'. संगणक स्लो नव्हता. काम चालू असताना, कुठलीही सूचना न देता, बटण दाबून दिवा मालवावा तसा तो बंद पडत होता. घाईत सही झाली आणि पुढचे चार महिने कंपनीच्या नोंदीत आमची तक्रार 'सिस्टिम स्लो' हीच राहिली.

सांगलीत घरातून चालणारं डीटीपीचं काम. २००९ पासून इथे एकाच कंपनीची यंत्रं आली. पहिले पाच डेस्कटॉप चांगले चालले, त्यातला एक तर अकरा वर्षं. म्हणून २०२४च्या दिवाळीत सहावा डेस्कटॉप आणि सोबत एक लॅपटॉप, दोन्ही कंपनीच्याच वेबसाइटवरून, तीन वर्षांच्या ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्तीच्या) वॉरंटीसह घेतले. सहा महिन्यांच्या आत दोन्ही बिघडले. वर्षानुवर्षं एकाच दुकानात जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार ओळखतो. तक्रार केंद्रात तसं काही नसतं. तिथे सिरियल नंबर टाकला की फक्त त्या एका यंत्राची वॉरंटी आणि त्यावरचे जुने कॉल उघडतात. आधीची पाच यंत्रं, पंधरा वर्षांचा विश्वास, यातलं काहीही त्या स्क्रीनवर नसतं. त्यामुळे "आम्ही तुमचे जुने ग्राहक" या वाक्यावर फोनची मिनिटं घालवू नयेत. ती मिनिटं नोंद बरोबर करून घेण्यात घालवावीत.

फोन करण्याआधी यंत्रातला पुरावा काढावा लागतो. विंडोजच्या सर्चमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' हा पर्याय येतो. त्यात कुठल्या दिवशी काय कोसळलं ते तारखेवार लाल फुल्यांनी दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा. मग इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. अचानक बंद पडलेल्या यंत्रात 'कर्नल-पॉवर' या नावाने इव्हेंट ४१ असतो. तो उघडून डिटेल्समध्ये 'बगचेक कोड' बघायचा. कोड शून्य नसेल तर निळा स्क्रीन येऊन गेलेला असतो आणि विंडोजच्या मिनीडम्प फोल्डरमध्ये त्याची फाइल सापडते. अशा वेळी ड्रायव्हर, रॅम, एसएसडी या दिशेने शोध घ्यावा. कोड शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळालेला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र जागच्या जागी गोठलं. 'व्हिया-लॉगर'च्या नोंदी असतील तर प्रोसेसरनेच हार्डवेअरची चूक कळवलेली असते.

आमच्या डेस्कटॉपवर ९ दिवसांत १४ वेळा इव्हेंट ४१ होता आणि प्रत्येक वेळी कोड शून्य. व्हियाची एकही नोंद नाही. रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चार फेऱ्या चालवल्या, एकही चूक नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी निर्दोष. आता उष्णता. प्रोसेसर फार तापला तरी यंत्र बंद पडतं आणि तेव्हाही इव्हेंट ४१च येतो, म्हणून एचडब्ल्यूइन्फोला तापमानाचा लॉग फाइलमध्ये लिहायला लावला. शेवटच्या ओळीत आकडा ७१ अंश होता. तापून बंद पडायला तो शंभरच्या आसपास जायला हवा. राहिली वीज.

यानंतर व्हिडिओ. सर्व्हिस सेंटरवाल्यांना अधूनमधून येणारा दोष दिसत नाही, कारण ते यंत्र अर्धा तास चालवून बघतात आणि 'दोष आढळला नाही' असं लिहून परत करतात. म्हणून दोष पकडून ठेवावा लागतो, आणि तो न तोडता, एकाच शॉटमध्ये. कॅबिनेटच्या मागचा सिरियल नंबरचा स्टिकर, मग भिंतीवरचं घड्याळ, मग स्क्रीन. आमच्याकडे इनडिझाइनमधून दोनशे पानांची पीडीएफ काढायला लावली की बहुतेक वेळा यंत्र जायचं. त्या व्हिडिओत पीडीएफची निळी पट्टी अर्ध्यावर येते आणि कॅबिनेटचा पंखा थांबतो. मॉनिटरवर 'नो सिग्नल'ची चौकट इकडून तिकडे सरकत राहते, आणि मागे त्याच स्विचबोर्डवर लावलेला टेबलफॅन फिरतोच आहे. "घरातली लाईट गेली असेल" या शंकेला तेवढा टेबलफॅन पुरला. व्हिडिओची मूळ फाइल जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवरून गेलेली प्रत दाबली जाते आणि चित्रीकरणाची तारीख वगैरे तपशील तिच्यातून निघून जातात.

टोल फ्री नंबर वॉरंटीच्या कागदावरून किंवा कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्यावा. गुगलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' टाकून सापडणाऱ्या नंबरांमध्ये भामट्यांचे नंबर असतात. ते दूरून संगणकाचा ताबा मागतात आणि खातं रिकामं करतात.

फोनवरच्या माणसासमोर ठरलेली यादी असते : रीस्टार्ट करा, ड्रायव्हर अपडेट करा, बायोस (मदरबोर्ड या मुख्य सर्किट बोर्डवरचं, यंत्र सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा, फॅक्टरी रीसेट करा. यातलं काय करायचं आणि काय नाही, हे आपण ठरवायचं. वायर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरणं, रॅम काढून पुन्हा बसवणं, यात धोका नाही. करावं, आणि केल्याची नोंद करायला सांगावी. बायोस अपडेटला मात्र आम्ही ठाम नकार दिला. जे यंत्र आपोआप बंद पडतंय, त्यावर बायोस लिहायला घेतला आणि मधेच वीज तुटली, तर मदरबोर्ड सुरूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते. फोनवरच्या मुलीला हे नीट समजावून सांगितलं, तेव्हा तिने "ग्राहकाने बायोस अपडेटला नकार दिला" असं लिहिलं. तिला थांबवून कारणही लिहायला लावलं. 'नकार' हा शब्द एकटा राहिला असता तर पुढे आमच्याविरुद्ध वापरला गेला असता. फॅक्टरी रीसेटचंही तेच. वीज तुटण्याचा आणि विंडोजचा संबंध नाही, आणि रीसेटनंतर फॉन्ट, डॉंगलचे ड्रायव्हर, लायसन्स पुन्हा बसवण्यात दोन दिवस जातात.

लक्षण सॉफ्टवेअरचं दिसतं आणि दोष लोखंडात असतो, असं मोठ्या प्रमाणावरही घडलं आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम चालवताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा. लोक ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवत राहिले. शेवटी २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं, आणि वॉरंटी ३ वर्षांवरून ५ वर्षं केली. बायोसमधून आलेल्या दुरुस्तीने पुढचं नुकसान टळलं, पण जो प्रोसेसर आधीच खराब झाला तो तिने बरा झाला नाही. त्याआधी, २००० नंतरच्या काही वर्षांत, अनेक कंपन्यांच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फुगून फुटत होते. तेव्हाही पुष्कळ ग्राहकांनी आधी विंडोजच पुन्हा टाकून बघितलं होतं.

फोनवर तक्रार सांगताना एकच वाक्य, आधी कागदावर लिहून, सावकाश सांगावं. आमचं वाक्य असं होतं : "लोड आल्यावर यंत्र क्षणात बंद पडतं, निळा स्क्रीन येत नाही, इव्हेंट ४१ कोड शून्य, ९ दिवसांत १४ वेळा, तापमान ७१च्या वर जात नाही." मग समोरच्याला ते वाचून दाखवायला सांगायचं. केस नंबर घ्यायचा आणि हेच वाक्य केस नंबरसह त्याच दिवशी ईमेल करायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : "कोणता पार्ट पाठवताय?"

कारण ऑनसाइट वॉरंटीत निदान फोनवर होतं. इंजिनिअर घरी येतो तो हातात आलेला पार्ट बसवायला. तो बहुतेक वेळा कंपनीचा नोकरही नसतो, सर्व्हिसचा ठेका घेतलेल्या दुसऱ्या एजन्सीचा असतो, आणि त्याला दिवसात कितीतरी कॉल संपवायचे असतात. आमच्याकडे कोल्हापूरहून यायचा तो मुलगा कामाला चांगला होता. दुसऱ्या खेपेला त्याने स्वतःच सांगितलं, "साहेब, मला पण एसएमपीएसचाच संशय येतोय. पण माझ्याकडे बोर्ड आलाय, मी बोर्डच टाकू शकतो." (एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला, यंत्राला वीज पुरवणारा डबा.) पहिल्या खेपेला मदरबोर्ड बदलला होता, दुसऱ्या खेपेला तोच पुन्हा बदलला. दोन्ही वेळा चार-पाच दिवसांत यंत्र आधीसारखंच बंद पडायला लागलं.

बाजारातला दुसरा एसएमपीएस लावून आपणच खात्री करून घ्यावी म्हटलं, तर ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये तेही बहुधा जमत नाही. त्यांचे एसएमपीएस आकाराने वेगळे, कनेक्टर त्यांच्या मदरबोर्डपुरते, आणि पुष्कळ मॉडेलांमध्ये त्यातून फक्त १२ व्होल्टच येतात, बाकीची व्होल्टेज मदरबोर्ड बनवतो. म्हणून तिसऱ्या खेपेचा पार्ट ठरण्याआधी मोजमाप हवं होतं. इंजिनिअरच्या समोर, त्याच्याच मल्टिमीटरने, पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये व्होल्टेज घेतलं. यंत्र रिकामं असताना १२.१. पीडीएफ सुरू केली तसा आकडा उतरत ११.२वर आला आणि यंत्र गेलं. एटीएक्स या डेस्कटॉपच्या वीजपुरवठ्याच्या मानकात बरीच वर्षं १२ व्होल्टला वरखाली ५ टक्क्यांची मुभा होती, त्या हिशेबाने ११.४च्या खाली आकडा जाता कामा नये. हे दोन्ही आकडे त्याने जॉब शीटवर लिहिले, आणि तिथून गाडी रुळावर आली. केस नंबरखाली मेल गेला : तिसरा मदरबोर्ड नको, एसएमपीएस पाठवा, मोजमाप जोडलं आहे. सहाव्या दिवशी एसएमपीएस आला, वीस मिनिटांत बसला, आणि डेस्कटॉप त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही. (एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले राहतात आणि त्यांचा झटका जिवावर बेतू शकतो.)

याच भेटीत अर्थिंगचाही प्रश्न येतो. इंजिनिअर सॉकेटमध्ये तीन मापं घेतो : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. तिसरं माप दोन-तीन व्होल्टच्या आत असावं लागतं. जास्त आलं की "साइट ओके नाही" म्हणून पार्ट बदलायला नकार मिळतो, आणि आधीच्या बिघाडाचं खापरही त्यावर फुटतं. म्हणून कॉल लावण्याआधी वायरमनला बोलावून हे माप घ्यावं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावलेला असेल तर आधी तो बदलावा. आमच्याकडे २३२, २३१ आणि १.४ आलं. तिन्ही आकडे जॉब शीटवर लिहून घेतले.

मदरबोर्ड बदलताना काय बघायचं, हे दोन यंत्रांवर मिळून चार वेळा बघितल्यावर पक्कं झालं. जुना बोर्ड काढल्यावर आणि नवा बसवण्याआधी दोन्हींच्या प्रोसेसर सॉकेटचा जवळून फोटो. हल्लीच्या डेस्कटॉपमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. घाईत प्रोसेसर तिरका टेकला की एखादी वाकते, आणि वाकलेली पिन म्हणजे कंपनीच्या भाषेत ग्राहकाने केलेलं नुकसान, म्हणजे वॉरंटी संपली. कोणाच्या हातून वाकली ते सांगायला फोटोशिवाय काही नसतं. प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावली का, तेही बघावं. दोन्ही बोर्डांवरच्या स्टिकरचे नंबर जॉब शीटवर यायला हवेत. वॉरंटीत येणारा पार्ट कोरा नवा असेलच असं नाही. 'नवा किंवा नव्यासमान' असं वॉरंटीत लिहिलेलंच असतं, म्हणजे दुरुस्त केलेला बोर्डही चालतो. त्याला हरकत घेता येत नाही, पण तेच दोन-तीन बोर्ड फिरून येतायत का, हे नंबरांवरून कळतं.

यंत्र सुरू झालं की पहिलं काम बायोस उघडून सिरियल नंबर बघणं. नव्या बोर्डमध्ये तो इंजिनिअरने लिहावा लागतो आणि हे राहून जातं. मग पुढच्या वेळी कंपनीचं सॉफ्टवेअर यंत्र ओळखतच नाही, वॉरंटी 'आढळत नाही' असं येतं. त्यानंतर विंडोजचं ॲक्टिव्हेशन, पुढचे-मागचे सगळे यूएसबी, हेडफोनचं भोक, लॅनची वायर. बोर्डासोबत लॅनचा मॅक ॲड्रेसही (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) बदलतो, त्यामुळे मॅकवर बांधलेली लायसन्स बंद पडतात.

आणि ओटीपी. काम झालं की फोनवर एक आकडा येतो आणि इंजिनिअर तो मागतो. तो आकडा दिला म्हणजे कॉल बंद. ज्या कामात दोष निर्माण होतो ते काम त्याच्यासमोर किमान एकदा पूर्ण झाल्याशिवाय ओटीपी देऊ नये. त्याला उशीर होत असेल तर "निरीक्षणाखाली" असं जॉब शीटवर लिहून घ्यावं. अभिप्रायात दहापैकी दहा द्या, अशी विनंतीही होते. मुलाच्या वागण्याला दहा द्यावेत, पण 'तुमचा प्रश्न सुटला का' याचं उत्तर खरंच द्यावं, कारण तेवढं एक उत्तर कंपनीच्या हिशेबात जातं.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी आणि जास्त त्रासाची. त्याचा चार्जिंगचा यूएसबी-सी पोर्ट कधी चार्जर ओळखायचा, कधी नाही. या पोर्टवरून २० व्होल्टला ३.२५ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट जातात. त्याच जातीचा दुसरा चार्जर लावून बघितला, फरक नाही. म्हणजे दोष बोर्डात, कारण हा पोर्ट बोर्डावरच झाळलेला असतो. इथे बोर्ड बदलणं बरोबरच होतं. पण बोर्ड बदलून यंत्र सुरू केलं तर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली.

ही की म्हणजे बिटलॉकरची. नवा विंडोज लॅपटॉप पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला की पुष्कळ यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा विभागात असते, आणि तो बोर्डसोबत जातो. नव्या बोर्डला जुनी डिस्क परकी वाटते. की सापडली नाही तर त्या डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही, कंपनीकडूनही नाही आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडूनही नाही. की त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण यंत्र दुकानदाराने किंवा घरातल्या मुलाने आपल्या खात्याने सुरू करून दिलेलं असेल, तर की त्यांच्या खात्यात असते. आमच्याकडे ती तशीच, दुसऱ्या खात्यात, तासाभराने सापडली. फोनवर कोणीही याची आधी सूचना दिली नव्हती, इंजिनिअरनेही नाही. म्हणून दुरुस्तीचा कॉल लावण्याआधी ही की कागदावर उतरवून ठेवावी आणि डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. सगळ्या प्रकरणात ही सूचना न देणं हाच आम्हाला सर्वात मोठा दोष वाटतो. पार्ट चुकीचा आला तर आठवडा जातो, इथे अख्खं काम जातं.

लॅपटॉपमध्ये बदलून आलेला पहिला बोर्ड दोन महिने टिकला, दुसरा तीन आठवडे. तिसरा बोर्ड देऊ केला तेव्हा नको म्हटलं आणि यंत्र बदलून मागितलं. उत्तर आलं की धोरणात बसत नाही. दोन वर्षं उरलेली वॉरंटी आणि दर दोन महिन्यांनी एक बोर्ड, हा दुरुस्तीचा मार्ग नव्हे.

माल वेबसाइटवरून घेतलेला असल्यामुळे २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव वेबसाइटवर द्यावं लागतं, आणि त्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. कस्टमर केअरला दहा मेल करण्यापेक्षा या अधिकाऱ्याला एक मेल करावा. मेल एका पानाचा : खरेदीची तारीख, सिरियल नंबर, प्रत्येक केस नंबर, भेटीची तारीख, बदललेला पार्ट, किती दिवसांत दोष परतला. खाली एकच मागणी. सोबत जॉब शीटचे फोटो. आम्हाला पोच मिळाली, निर्णय नाही. त्यासोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, नोंद केली. हेल्पलाइनला हुकूम काढण्याचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीच्या वरच्या पातळीवर पोचवते. पण तिचा नोंदणी क्रमांक पुढे उपयोगी पडतो.

मग १५ दिवसांची मुदत देणारी लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर. आणि मुदत गेल्यावर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज हवा. वकील लागतोच असं नाही. बिल, वॉरंटीची प्रत, जॉब शीट, मेल, नोटिशीची पोच, तारखांचा तक्ता आणि प्रतिज्ञापत्र, एवढं हवं. आयोगाची नोटीस मिळाल्यावर कंपनीला ३० दिवसांत म्हणणं मांडायचं असतं, आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ही ४५ दिवसांची मर्यादा पक्की केली आहे.

एका ठिकाणी मात्र लोक अडकतात. कंपनीचा वकील पहिला मुद्दा काढतो तो 'व्यावसायिक हेतू'चा. व्यवसायासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारा कायद्याने ग्राहक नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून, स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात यासाठी टाइपरायटरचाच दाखला दिला आहे : घेणारा स्वतः त्यावर बसून काम करत असेल तर तो ग्राहकच राहतो. डीटीपीवाल्याला याहून जवळचा दाखला कुठला? म्हणून तक्रारीत 'उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून, स्वतः वापरण्यासाठी' हे शब्द स्पष्ट यायला हवेत. बिल फर्मच्या नावाने, जीएसटीची वजावट घेतलेली, आणि यंत्रावर पगारी माणूस बसवलेला, असं असेल तर हा मुद्दा जड जातो. आमचं बिल व्यक्तीच्या नावाने होतं, जीएसटी नंबर नव्हता.

आयोगाची नोटीस गेल्यावर तेरा दिवसांनी कंपनीचा फोन आला : बदलून देतो, तक्रार मागे घ्या. तक्रार आधी मागे घेऊ नये. काय मिळणार, कधी मिळणार, हे मेलवर आलं, यंत्र हातात आलं, तपासलं, मगच मागे घ्यावी.

आणि तपासावं ते बारकाईने. जुनं मॉडेल बंद झालेलं असतं, म्हणून 'समतुल्य किंवा सरस' यंत्र देऊ करतात. आमच्यापुढे ठेवलेल्या यंत्राचा प्रोसेसर नव्या पिढीचा होता, रॅम तेवढीच, एसएसडी तेवढीच. स्क्रीनचा तपशील शेवटच्या ओळीत होता : ४५ टक्के एनटीएससी. (एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवू शकते याची मापं.) जुना पॅनेल १०० टक्के एसआरजीबीचा. ४५ टक्क्यांच्या पॅनेलवर लाल रंग विटकरी दिसतो, केशरी मळकट दिसतो. पत्रिका छापून आल्यावर गिऱ्हाइकाला वेगळाच रंग हातात पडतो. हे लिहून कळवल्यावर आठ दिवसांनी बरोबर पॅनेलचं यंत्र आलं. रॅम बोर्डावर झाळलेली आहे की स्लॉटमध्ये, स्क्रीन किती निट्सची (किती उजळ), चार्जर किती वॉटचा, हेही असंच जुन्या बिलाशी ताडून बघावं.

जुनं यंत्र परत नेताना त्यातली एसएसडीही जाते. ती आपल्याकडे ठेवण्याची सोय बहुतेक कंपन्या घरगुती ग्राहकाला फुकट देत नाहीत. म्हणून डेटा काढून घेतल्यावर विंडोजच्या रीसेटमधून 'क्लीन ड्राइव्ह' हा पर्याय चालवला, आणि त्यालाच अडीच तास लागले. न्यायला आलेला माणूस तोवर खालच्या चहाच्या गाड्यावर बसला होता. त्याच्याकडून पोचपावती घेतली, त्यावर जुन्या यंत्राचा सिरियल नंबर आणि चार्जर दिल्याची नोंद. बदली यंत्राला नवी तीन वर्षं मिळत नाहीत, जुन्याची उरलेली वॉरंटी पुढे चालू राहते. वेबसाइटवर त्याचा नंबर टाकला तर वॉरंटी कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून एकच वर्ष दिसत होती. बिल, पोचपावती आणि कंपनीचा बदलीचा मेल, तीन कागद जोडून त्याच दुपारी वॉरंटीची तारीख दुरुस्त करण्याची विनंती पाठवली. पाचव्या दिवशी तारीख बरोबर झाली. त्या पानाची छापील प्रत बिलाला टाचून ठेवली आहे.